कानाची खूण

सर डबा खायला बसले की आधी परात मागायचे. स्टाफरूममधल्या सगळ्यांच्या भाज्या त्या परातीत काढायच्या, भाकऱ्यांची एकच चळत रचायची आणि मग हात घालायचा, हा त्यांचा नियम. कुणाची वांगी, कुणाचा घेवडा, कुणाच्या शेवग्याच्या शेंगा, काही पत्ता लागू द्यायचा नाही. आम्हा बायकांना याचा भारी राग यायचा. पहाटे उठून वाटण करायचं आणि कौतुकाच्या वेळी नाव गायब! एकदा मी मुद्दाम विचारलं, "सर, वांगी कशी झालीत?"

"लय भारी."

"कुणी केली असतील?"

"वाड्यानं," म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा मोडला.

हा वाडा म्हणजे चिरेबंदी वाडा नव्हे. सरांचं घराणं जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी भागातलं, पिढ्यानपिढ्या मेंढरांमागं फिरलेलं. चार-सहा कुटुंबं आपले कळप एकत्र करून ज्या तळावर उतरतात, त्याला ते वाडा म्हणतात. सरांनी सांगलीला राहून गणित केलं, डॉक्टरेट मिळवली, साताऱ्यात आणि मग आमच्या पलूसजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलं, पण पायातल्या जाड तळाच्या वहाणा आणि तोंडातला वाडा काही सुटला नाही. कॉलेजात मी त्यांची विद्यार्थिनी होते, पुढं त्याच विभागात कंत्राटी लेक्चरर झाले. त्यामुळं मला ते 'मॅडम' कधी म्हणाले नाहीत. लोकांदेखत 'अगं' आणि एरवी 'पोरी'.

हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला की ते खिशातून रुमाल काढून काच पुसायचे. क्लार्क चिडायचा. "सर, यंत्र खराब होतंय." सर म्हणायचे, "माझा अंगठा हितं मागं कशाला ठिवू? मी आलो, यवढं कळलं न्हवं तुला?" कुणाकडून काही बातमी कळली तरी "अमका म्हणाला" असं त्यांच्या तोंडून कधी यायचं नाही. साताऱ्याची नोकरीही त्यांनी अशाच एका हट्टापायी सोडली होती. तिथं कर्मचारी प्रतिनिधीची निवडणूक झाली, प्राचार्यांचा माणूस पडला. मतपत्रिकांवर नावं हातानं लिहिलेली होती, आणि सरांना सगळ्यांची अक्षरं पाठ. प्राचार्यांनी गठ्ठा पुढं सरकवला. सरांनी तो परत सरकवला आणि शेजारच्याच कोऱ्या कागदावर राजीनामा लिहून दिला. ही हकिगत मला दुसऱ्यांकडून कळली. सरांना विचारलं तर म्हणाले, "साताऱ्याचं पाणी मानवलं न्हाई."

असा माणूस आयुष्यभर ज्या विषयात रमला, तो विषयही त्याला शोभेल असाच होता. संगणकाच्या गणितात एक सहीचा प्रकार आहे. गटातल्या कुणीही एकानं ती करायची. तपासणाऱ्याला एवढंच पक्कं कळतं की ही सही या गटातल्याच कुणाची तरी आहे, बनावट नाही, मजकुरात फेरफारही नाही. पण नेमकी कुणाची, ते कळत नाही. आजची सही आणि कालची सही एकाच माणसाची आहे का, एवढंसुद्धा कळत नाही. मात्र गटाचा एक प्रमुख असतो. त्याच्याजवळ वेगळी किल्ली असते, ती लावली की सहीमागचं नाव उघडं पडतं.

पुस्तकात हे पानंच्या पानं समीकरणांत आहे. सर फळ्यावर मेंढरू काढायचे.

"आमच्या वाड्यातल्या समद्या मेंढरांच्या पाठीवर गेरूचा एकच पट्टा. लांबनं बघणाऱ्याला काय कळतं? ह्या वाड्याचं मेंढरू हाय. कुणाच्या घरचं, न्हाई कळत. पन परत्येक घराची एक खूण कानाला असती. आतल्या बाजूला, लोकरीखाली. कान उचलल्याबिगर दिसत न्हाई. आन कान उचलायचा अधिकार कुणाचा? फकस्त कारभाऱ्याचा. झालं. हीच गटाची सही."

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच, "सर, आणि मेंढरू कुणाच्या शेतात घुसलं तर?"

"शेतवाला वाड्यावर येतो, कारभारी त्याच्यासंगं जातो आन आदी रान बघतो. रान बघितल्याबिगर कान उचलायचा न्हाई." हे वाक्य मात्र ते हसून म्हणत नसत. खडू खाली ठेवून म्हणत.

आमच्या कॉलेजात जिन्याखाली एक तक्रारपेटी होती, आणि पेटीच्या बरोबर समोर कॅमेरा. पेटीत वर्षानुवर्षं चिठ्ठी पडली नाही, म्हणून संस्थेचे अध्यक्ष दर सभेत सांगायचे, "आपल्याकडं कुणाची काही तक्रार नाही." अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. पुढं तपासणी समिती आली, तिनं पेटी हलवून बघितली आणि शेरा मारला. आबांनी सरांना बोलावलं आणि म्हणाले, काहीतरी आधुनिक करा. सरांनी गटसहीची यंत्रणा उभी केली. शिक्षक, क्लार्क, शिपाई, बसचे ड्रायव्हर, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये एकेक किल्ली बसली. तक्रार केली की ती एकाच वेळी सगळ्या विश्वस्तांकडं जायची. नाव उघडणारी किल्ली एका पेनड्राइव्हमध्ये, आणि तो पेनड्राइव्ह सरांनी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला. पोरं म्हणायची, सरांनी ताईत बांधलाय.

सर्व कर्मचाऱ्यांच्या सभेत सरांनी नियम सांगितला. तक्रार खोटी ठरली तरच नाव उघडायचं, आणि खरी की खोटी ते जागेवर जाऊन बघितल्याशिवाय ठरवायचं नाही. आबा तेव्हा फोनवर होते. "बरं, बरं," म्हणाले आणि फोनवरच्या माणसालाही "बरं, बरं" म्हणाले.

यंत्रणेची देखभाल माझ्याकडं होती. आणि तिच्यातून पहिली तक्रार केली तीही मीच.

मी आष्ट्याहून एसटीनं यायची आणि पुढं वाटेत कॉलेजची बस पकडायची. ती बस वरच्या गावांतली मुलं घेऊन सागरेश्वरचा घाट उतरून यायची. एकदा मावशीकडं मुक्कामाला होते, म्हणून घाटाच्या वरूनच बसले, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. ड्रायव्हर म्हणजे तात्या. साठीला टेकलेला माणूस, मुलगी आमच्याच कॉलेजात फी-माफीत शिकणारी. उतार लागला आणि बघते तर तात्या ब्रेकवर पाय एकदा दाबत नव्हते, पंप मारल्यासारखा पुन्हा पुन्हा दाबत होते. कपाळावर घाम. खाली आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "ताई, सवय हाय आमाला." मागं पन्नासेक मुलं गाणी म्हणत होती. तात्या सुपरवायझरच्या कानावर घालून दमले होते. गाडी तपासल्याचा कागद मात्र दरवर्षी घरबसल्या येत होता.

त्याच दिवशी मी चार ओळी लिहिल्या आणि सही केली. बोट ठेवताना भीती वाटली नाही. गणितावर माझा विश्वास होता.

आबांवर मात्र नव्हता. विश्वस्तांपुढं आपल्या गाड्यांची अब्रू गेली म्हणून ते भडकले होते. सरांना केबिनमध्ये बोलावलं, आणि यंत्रणा मीच सांभाळते म्हणून मलाही. चहा आला. आबांनी कप बाजूला सारला.

"सर, नाव."

"कुणाचं?"

"येड्याचं सोंग घेऊ नका. त्या ताइतात हाय की नाव. काढा भाईर."

"आबा, तक्रार खोटी हाय का?"

"खोटी न्हाई तर काय! दर साली गाडी पास होतीय."

"मग चला, रान बघू. खोटी निघाली तर तुमच्याम्होरं कान उचलतो."

आबांचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला की सगळ्यांना धडकी भरायची. "सर, लय गणित शिकवू नका. माझ्या संस्थेत माझ्या पाठीमागं कोण बोलतंय ते मला कळलं पायजे. मला तर तो तात्याच वाटतोय. शनवारपातुर नाव आलं न्हाई, तर तात्या घरी आन त्याच्या पोरीची फी चालू."

माझ्या हातातला कप बशीवर वाजला. आबांनी माझ्याकडं बघितलं. माझं कंत्राट दर जूनमध्ये त्यांच्या एका सहीवर पुढं सरकायचं, घरात नियमित पगार माझाच होता, आणि आबांच्या सोयऱ्यांची कॉलेजं पार कराडपर्यंत पसरलेली. इथून हाकललं तर कुठंच दार उघडणार नव्हतं. आणि गप्प बसले तर तात्या जाणार होते.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी म्हणाले, "सर, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"न्हाई," सर म्हणाले.

"अहो, पण तात्या..."

"न्हाई म्हनलो न्हवं!" ते माझ्यावर असे खेकसले की दोन शिपाई वळून बघायला लागले. मग कठड्याला टेकून, माझ्याकडं न बघता, एरवी कधी न सांगितलेली गोष्ट त्यांनी सांगितली.

ते कॉलेजात नुकतेच गेलेले, सुट्टीला वाड्यावर आलेले. वडील कारभारी, पण त्या दिवशी ते बाजाराला गेले होते. एक शेतवाला माणसं घेऊन आला. "तुमच्या मेंढरांनी माझी ज्वारी खाल्ली," म्हणाला. एक मेंढरू त्याच्या बांधावर सापडलं होतं, ते त्यानं ओढतच आणलं होतं. वाड्यातली सगळी माणसं नेहमीसारखी गप्प बसली. "मी शिकल्याला गडी," सर म्हणाले, "मला वाटलं, ह्ये काय अडान्यासारखं लपवत्यात? खरं ते सांगून टाकावं. म्या कान उचलला. आन नाव सांगितलं. चुलत्याचं." चुलत्याला त्या लोकांनी बाभळीला बांधून मारलं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी रान बघितलं. ज्वारीत खुरांचे ठसे होते ते म्हशींचे. त्या शेतवाल्याच्याच गोठ्यातल्या. चुलता पुन्हा नीट चालला नाही, आणि पुढच्या साली वाड्यातली कुटुंबं वेगवेगळ्या तळांवर उतरली.

"माझं खरं व्हतं गं पोरी. मेंढरू चुलत्याचंच व्हतं. पन खरं आन बरोबर ह्यात एक रान असतं, त्ये बघायचं ऱ्हायलं." त्यांनी गळ्यातला दोरा मुठीत धरला. "आता कुणी येऊन मला सांगितलं, की म्याच त्यो, तर उद्या आबांच्या म्होरं माझ्या तोंडावर त्ये दिसंल. मला खोटं बोलता येत न्हाई. म्हनून मला ठावंच नसलं पायजे. आन एक मेंढरू आपनहून भाईर आलं की ऱ्हायल्यालं वळखायला सोपं जातं. कळलं? जा, तासाला जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी, मुलं तासाला असताना, आबांनी ती बस मैदानात बोलावली. बहुतेक सरांच्या शब्दानं ते डिवचले गेले होते, किंवा सगळ्यांसमोर तक्रार खोटी पाडायची हौस असेल. "चला, दावतोच तुमाला रान," म्हणाले. मग त्यांची नजर फिरली. "ह्या गाडीनं रोज कोण येतं? मॅडम, तुमीच ना? चला, साक्षीला."

मी जागची हलले नाही, असं मला वाटलं. पण पाय चालत होते. क्षणभर जरी घुटमळले असते, तरी कान उचलायची गरजच पडली नसती. सर माझ्या पुढं चढले आणि मधल्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघू लागले. आबा पुढं, तात्यांच्या डाव्या अंगाला, आणि मी तात्यांच्या मागं.

घाटाच्या माथ्यावर तात्यांनी गाडी वळवली आणि उभी केली. इंजिन चालू. रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं.

"आबा, तुमी तिघं उतरा," तात्या म्हणाले. "मी एकटा नेतो खाली."

"का रं? बिरेक लागत न्हाईत का?"

तात्या आरशात बघत राहिले. 'लागत नाहीत' म्हणावं तर तक्रार त्यांनीच केली असं ठरणार होतं, आणि 'लागतात' म्हणावं तर तिघांच्या जिवाची जबाबदारी. आबांनी तो पेच बरोबर हेरला होता. ते गालात हसत होते.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून सरांचा आवाज आला. "तात्या, कुनी कायबी सांगायचं न्हाई. हळूहळू घ्या. गाडी सांगंल."

तात्यांनी पहिला गिअर टाकला. पहिलं वळण ठीक गेलं. दुसऱ्या वळणाच्या आधी उतार वाढतो, तिथं त्यांचा पाय पुन्हा पुन्हा आपटायला लागला. बस थांबण्याऐवजी घरंगळल्यासारखी चालली. गिअर कण्हत होता. दरीच्या बाजूचा कठडा एका ठिकाणी पडलेला मला वर जाताना दिसला होता, तो आता समोरून येत होता. मी पुढच्या सीटची दांडी धरली. आबांनी दोन्ही पाय पुढच्या पत्र्यावर असे रोवले होते की जणू तेच गाडी थांबवणार.

"बिरेक मार! ए तात्या, बिरेक मार रं!"

"मारलाय, आबा," तात्या म्हणाले.

एवढं शांतपणे म्हणाले की माझ्या अंगावर अजून काटा येतो. मग त्यांनी हँडब्रेक खेचला आणि स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला फिरवलं. रस्त्याच्या कामासाठी तिथं खडीचा ढीग टाकलेला होता. बस त्यात घुसली, खडी खिडक्यांवर उडाली आणि सगळं थांबलं. तात्या खाली उतरले. सवयीनं त्यांनी एक दगड उचलला आणि मागच्या चाकाला लावला.

आबा खडीच्या ढिगाशेजारी बसून पाणी प्यायले. निम्मं पाणी छातीवर सांडलं. सर त्यांच्यापुढं उभे राहिले आणि गळ्यातला पेनड्राइव्ह काढून तळहातावर धरला.

"आबा, रान बघून झालं. सांगा. उचलू कान?"

आबा त्या पेनड्राइव्हकडून तोंड फिरवून म्हणाले, "समद्या गाड्या गॅरेजला लावा."

इथं ही हकिगत संपली असती तर मी सरांवर कधी रागावले नसते. पण आबा हे राजकारणी. त्यांनी ही नामुष्की सत्कारात बदलायची ठरवली. सव्वीस जानेवारीला मांडव घातला आणि भाषणात जाहीर केलं, "ज्यानं आपल्या पोरांचा जीव वाचवला, त्याला मी शाल-श्रीफळ देणार, आन तो कंत्राटी असंल तर कायम करणार! सर, आता सांगा की नाव!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मला कायम नोकरी! हात वर करायचा, एवढंच बाकी होतं. मी सरांकडं बघितलं. ते माइकजवळ गेले आणि म्हणाले, "शिक्षेसाठी जे उघडलं न्हाई, त्ये बक्षिसासाठी उघडत नसत्यात." आणि खाली येऊन बसले. आबांनी चिडून शाल आणि हार सरांच्याच गळ्यात घातला. सरांनी मांडवातून तसंच उठून हार बसच्या बॉनेटवर ठेवला आणि शाल तात्यांच्या सीटवर अंथरली. पोरं शिट्ट्या मारत होती. मी मात्र रागानं लाल झाले होते. दुसऱ्याच्या पोटावर तत्त्वज्ञान सांगायला यांचं काय जातंय, असं वाटलं. आठवडाभर माझा डबा मी परातीत ओतला नाही. सर रोज माझ्या डब्याकडं बघायचे.

मग एक दिवस यंत्रणेत दुसरी तक्रार आली. मुलींच्या वसतिगृहाच्या वॉर्डनबद्दल, आणि ती वॉर्डन आबांची सख्खी भाची. ज्या कुणी ती केली, त्यानं सव्वीस जानेवारीला सरांना माइकवर बघितलं होतं, म्हणूनच केली असणार. ते वाचून माझा राग कुठल्या कुठं गेला. दुपारी मी डबा परातीत ओतला. सर म्हणाले, "घेवडा झ्याक झालाय वाड्याचा."

कायम मी पुढं माझ्या क्रमानंच झाले, वेळ लागला. सर निवृत्त झाले तेव्हा गावी जाण्याआधी त्यांनी पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. दोरा घामानं कडक झालेला. आबांनी विरोध केला नाही. घाटानंतर ते त्या वस्तूला जरा बिचकूनच असायचे.

मी विचारलं, "सर, तुम्ही कधी लावली होती ही किल्ली? एकदा तरी?"

"न्हाई."

"मग तुम्हाला माहीतच नाही, बसची तक्रार कुणाची ती?"

सर हसले. "माझ्या बापानं जन्मात क्वचित कान उचलला. लांबनं चाल बघितली तरी मेंढरू कुनाचं, त्ये त्याला कळायचं. कळू नये असं किती वाटलं तरी कळायचंच." वहाणेत पाय सरकवता सरकवता म्हणाले, "कारभाऱ्याला गप बसायचं शिकावं लागतं पोरी. बाकी समदं गणित पुस्तकात हाय." मी वाकून नमस्कार केला, आणि डोळे भरून आलेले त्यांना दिसू नयेत म्हणून बराच वेळ वाकलेलीच राहिले.

आता दोरा माझ्या गळ्यात असतो. विभागाची प्रमुख मी आहे. आणि गेल्या महिन्यात एक तक्रार आली, ती माझ्याविरुद्ध. 'संगणक प्रयोगशाळेचं मागचं दार मॅडम कायम कुलपात ठेवतात. आग लागली तर मुलं कुठून बाहेर पडतील?' विश्वस्तांचा फोन आला. मला भयंकर संताप आला. यंत्रं चोरीला जाऊ नयेत म्हणून मी जिवाचा आटापिटा करते, आणि माझ्याच हाताखालच्या कुणीतरी ही कागाळी करावी! कोण असेल याचा अंदाज मला वाक्यांच्या चालीवरून आलाच होता. तिघांपैकी एक. तरी खात्री करावी म्हणून पेनड्राइव्ह दोऱ्यातून सोडवला आणि संगणकापाशी नेला.

तो आत सरकवायच्या आधी सरांचा खडू खाली ठेवल्याचा आवाज आठवला. मी उठले. प्रयोगशाळेत तास चालू होता, मुलं दाटीवाटीनं बसलेली. मी मागच्या दाराशी गेले, पर्समधून किल्ली काढली आणि कुलपाला लावली.

फिरेना. गंजलं होतं. मी दोन्ही हातांनी जोर लावला. मुलं बघत होती, कुणीतरी हसलं, मग हसणं थांबलं. शेवटी शिपाई हातोडा घेऊन आला. तो येईपर्यंत मी त्या बंद दाराशी, मागं भरलेली खोली घेऊन उभी होते, आणि तिथं उभं राहून मला घाम फुटला.

'तक्रार खरी आहे, कुलूप काढलं,' एवढंच विश्वस्तांना कळवलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी परात मागितली. त्या तिघांचेही डबे ओतून घेतले आणि माझाही ओतला. शेवग्याची भाजी फार चांगली झाली होती. कुणी केली ते मी विचारलं नाही.